अजून किती मैल?

आय-९० हा महामार्ग साउथ डकोटा राज्यात ४१२ मैल जातो आणि त्यातला प्रत्येक मैल आमच्या मुलांनी मोजलेला आहे. अमेरिकेतल्या आंतरराज्य रस्त्यांवर मैलामैलाला हिरवी पाटी असते. आकडे राज्याच्या पश्चिम किंवा दक्षिण सीमेपासून सुरू होतात. म्हणजे पश्चिमेकडे निघालं की ते उतरत जातात आणि शून्याशी राज्य संपतं. १९९२च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीहून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाकडे मोटारीने निघालो, तेव्हा लेक नऊ वर्षांची होती आणि मुलगा सहा. “बाबा, अजून किती?” असं कोणी विचारलं की हे म्हणायचे, “पाटी बघ आणि वजाबाकी कर.” मुलाची वजाबाकी त्या रस्त्यावर पक्की झाली. सम आकड्याचा रस्ता पूर्व-पश्चिम, विषम आकड्याचा उत्तर-दक्षिण, हेही तिथेच पाठ झालं.

त्या काळी लांबच्या प्रवासाआधी ट्रिपल-ए या मोटारचालकांच्या संस्थेच्या कचेरीत जायचं. सभासदांना तिथे ‘ट्रिपटिक’ फुकट मिळायचं. अरुंद, उभ्या नकाशांची ती वही खास आपल्या प्रवासासाठी जुळवलेली असायची. आपला रस्ता मार्करने रंगवलेला, पुढे काम चालू असेल तिथे शिक्का मारलेला. पान संपलं की उलटायचं. हे काम मागच्या सीटकडे होतं आणि त्यावरून रोज भांडण व्हायचं. म्हणून ठरलं, एक राज्य तिचं, पुढचं त्याचं. विस्कॉन्सिन तिच्याकडे, मिनेसोटा त्याच्याकडे. साउथ डकोटाच्या मध्यावर वेळ बदलते, तेव्हा सगळ्यांची घड्याळं गोळा करून तासाने मागे करायचा मान त्याचा. वॉल गावातल्या औषधाच्या दुकानाच्या पाट्या मात्र दोघं मिळून मोजायची. १९३६ पासून ते दुकान रस्त्यावर पाट्या लावून वाटसरूंना फुकट गार पाणी देतं.

रात्री मोटेलात शिरलं की बर्फाच्या यंत्रावरून कूलर भरायचा, राइस कुकर लावायचा आणि खणातलं टेलिफोनचं जाड पुस्तक काढायचं. देशपांडे, जोशी, कुलकर्णी… कोणी आहे का गावात? परदेशात राहणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांची ही रीत होती. रॅपिड सिटीत असंच एक आडनाव सापडलं. ह्यांनी फोन लावला, नाव-गाव सांगितलं. पलीकडून त्या वहिनी म्हणाल्या, “अहो, मोटेलात काय जेवता? मुलांना घेऊन घरी या!” आमच्या दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या संपत आल्या होत्या. त्या रात्रीच्या पिठलं-भाताची आठवण मुलं अजून काढतात. आज अनोळखी नंबरचा फोन कोणी उचलत नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात लेक आणि जावई आपल्या दोन मुलांना घेऊन त्याच वाटेने निघाले. आम्ही दोघंही बरोबर होतो. पुष्कळ गोष्टी आता खरोखरच चांगल्या झाल्या आहेत. मुलं बूस्टर सीटमध्ये नीट बांधलेली असतात. पुढे अपघात झालेला असेल तर फोन आधीच सांगतो. मांसाशिवाय बर्गर कसा मिळेल, हे काउंटरवर समजावत बसावं लागत नाही. परतताना आय-८० वर वायोमिंगमध्ये पंजाबी ढाब्यावर आम्ही गरम पराठे खाल्ले. तेव्हा हे स्वप्नातही नव्हतं.

पण साउथ डकोटातल्या चेंबरलेनला मिसूरी नदीचं ते अफाट पात्र ओलांडलं, तेव्हा नातवंडांच्या कानांवर हेडफोन होते आणि मांडीवर टॅबलेट. त्यांना मी दोष देणार नाही. गाडीत त्यांच्याकडे कुणी काही मागतच नव्हतं. रस्ता फोनला ठाऊक, वेळ फोन आपणच बदलतो.

यलोस्टोनही बदललं आहे, आणि किती सुंदर! १९८८च्या वणव्यांत उद्यानाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग होरपळला होता. १९९२ साली मॅडिसन-नॉरिसच्या वाटेवर मैलोन् मैल काळी खोडं उभी होती आणि त्यांच्या पायाशी वीतभर रोपं. लॉजपोल पाइनची बरीचशी शंकूफळं आगीच्या धगीनेच उघडतात आणि बी सांडतं, हे रेंजरने सांगितलं तेव्हा मुलं गुडघ्यांवर बसून ती रोपं शोधत राहिली. आज तिथे दाट हिरवं रान आहे. लेक आपल्या मुलांना म्हणाली, “ही झाडं माझ्या घोट्याएवढी होती.” तेव्हा उद्यानात लांडगे नव्हते. १९९५ मध्ये कॅनडातून आणून सोडले, आणि लामार खोऱ्यात पहाटे आम्ही त्यांची हाळी ऐकली.

उद्यानात बहुतेक ठिकाणी फोन लागतच नाही. नातीने फाटकावर मिळालेला नकाशा उलगडला आणि आईला विचारलं, “डावीकडे वळायचं ना?” त्यानंतर टॅबलेट पिशवीतून बाहेर निघाला नाही. परतीच्या वाटेवर धाकटा मैलाच्या पाट्या मोजत होता.

लहान मुलांना घेऊन निघणाऱ्या आई-बाबांना एवढंच सांगते: फोन खुशाल वापरा, पण मागच्या सीटला काम द्या. रँड मॅकनॅलीचा रोड ॲटलास अजून दरवर्षी छापून निघतो.