खाडीपुलावरची काही मिनिटे

वसईकराचे अर्धे आयुष्य लोकल गाडीत जाते, असे आमच्याकडे थट्टेने म्हटले जाते. १८६७ साली विरारहून मुंबईकडे पहिली लोकल निघाली. तेव्हापासून ह्या गाडीने आमच्या कित्येक पिढ्यांना पोटापाण्यास लावले. १९९०च्या दशकात गोरेगावच्या सेमिनरीतून मी सुट्टीवर घरी येत असे, तेव्हा डब्याच्या एका कोपऱ्यात टाळांच्या साथीने भजन चाले, तर दुसऱ्या कोपऱ्यात आमचे काही श्रद्धावंत मंद स्वरात रोझरी म्हणत. आज त्याच डब्यात बहुतेक माना मोबाईलवर झुकलेल्या दिसतात. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही, हे पुढील प्रसंगावरून वाचकांच्या ध्यानी येईल.

धावत्या गाडीत वेगवान इंटरनेट पोहोचवणे वाटते तितके सोपे नाही. गूगल आणि रेलटेल यांनी जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकापासून मोफत वाय-फाय सुरू केले व जून २०१८ पर्यंत ही सोय ४०० स्थानकांवर पोहोचली. परंतु स्थानक एका जागी उभे असते. गाडी मात्र एका मनोऱ्याच्या कक्षेतून दुसऱ्याच्या कक्षेत धावत असते. डब्याचा पत्रा लहरींना अडवतो आणि हजारो प्रवाशांचा भार एकाच मनोऱ्यावर एकदम पडतो. हावडा राजधानी एक्सप्रेसमध्ये उपग्रहाद्वारे वाय-फाय देण्याचा प्रयोग झाला. परंतु खर्चाच्या मानाने तो परवडला नाही, म्हणून सोडून द्यावा लागला, असे सरकारने २०२१ मध्ये लोकसभेत सांगितले.

गेल्या उपवासकाळात एका दुपारी मी वसईहून चर्चगेटकडे निघालो होतो. खिडकीजवळ जागा मिळाली व मी मोबाईल उघडला. प्रवचनाची तयारी करत होतो असे लिहिले तर ते खोटे ठरेल. मी क्रिकेटचा सामना पाहत होतो. नायगाव सुटले, गाडी खाडीपुलावर आली आणि चित्र थिजले. वैतागून मी मान वर केली. समोर माझ्याच धर्मग्रामातील एक गृहस्थ बसले होते. त्यांचे डोळे ओलावले होते.

"अहो, तुम्ही कधी चढलात?" मी विचारले.

"वसईलाच, फादर. तुम्ही कामात दिसलात, म्हणून हाक मारली नाही."

त्यांची पत्नी मुंबईतील रुग्णालयात होती. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होती आणि रक्ताच्या दोन बाटल्यांची सोय व्हायची होती. भाईंदर आले, नेटवर्क परतले. ज्या मोबाईलने मला त्यांच्यापासून दूर ठेवले होते, त्यावरूनच मी आमच्या युवकांना निरोप धाडला. बोरिवली येण्यापूर्वी दोघांचे होकार आले व संध्याकाळी दोघांनीही रक्तदान केले.

पोप फ्रान्सिस यांनी २०१४ च्या आपल्या संदेशात इंटरनेटला देवाचे दान म्हटले होते आणि त्याच संदेशात चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याकडे लक्ष वेधले होते. हा दाखला मी वेदीवरून कितीदा तरी समजावून सांगितला आहे. परंतु जखमी माणसाला टाळून पुढे गेलेला पहिला वाटसरू याजक होता, हे त्या दिवशी जितके बोचले तितके पूर्वी कधीच बोचले नव्हते.

लोकलमध्ये अखंड इंटरनेट यावे, असेच मला वाटते. गर्दीत उभ्याने अभ्यास करणाऱ्या विद्यार्थिनीला आणि आखातातल्या मुलाचा चेहरा पाहू इच्छिणाऱ्या आईला त्याची गरज आहे. उद्या खाडीपुलावरही चित्र थिजणार नाही. मग मान वर करण्याचे स्मरण आम्हांला कोण देणार?

मी आपल्यापुरता एक नेम केला आहे. नायगाव सुटले की मोबाईल खिशात ठेवतो आणि समोर कोण बसले आहे ते पाहतो.