पन्नास रुपयांची उधारी

करकंबमध्ये महिन्याचा किराणा रोखीनं भरणारं घर शोधावं लागेल. पगारदार मास्तर सोडले तर बाकी गाव वहीवर चालतो. उसाचं बिल आलं, बोरं-द्राक्षं गेली, दुधाचा पगार झाला की मागचं पान कोरं करायचं आणि दुसऱ्या दिवशी नवीन पान सुरू. टेंभुर्णी-पंढरपूर रस्त्यावरच्या या गावात एक जुना कायदा त्यामुळे फारच चमत्कारिक वाटतो. १९२०चा प्रांतिक नादारी कायदा. त्याचं ७२वं कलम सांगतं की कोर्टानं नादार ठरवलेल्या आणि अजून मुक्तता न मिळालेल्या माणसानं, आपण नादार आहोत हे न सांगता, कुणाकडून पन्नास रुपये किंवा जास्तीची उधारी केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. १९२० साली पन्नास रुपये ही रक्कम होती. आज तेवढ्यात अर्धा लिटर गोडेतेल येत नाही. पण आकडा तोच राहिला.

कर्जाचा एकूण आकडा ऐकून न घाबरलेले तात्या या पन्नास रुपयांपाशी येऊन अडले.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. गावात त्यांचं कृषी सेवा केंद्र होतं. खत, औषधं, बियाणं सगळं हंगामावर उधार द्यायचं आणि माल विकला की वसूल करायचं, हा या धंद्याचा रिवाज. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ऐन द्राक्षाचा हंगाम होता. व्यापारी फिरकले नाहीत. मग १४ ऑक्टोबरची अतिवृष्टी आली. त्या दिवशी पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण दगावले, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. शिवारात काय झालं ते ज्याचं त्याला माहीत. तात्यांची उधारी बागांबरोबर बुडाली. कंपन्यांचे पैसे भागवायला त्यांनी एका पतसंस्थेचं कर्ज काढलं, ते भागवायला वैयक्तिक कर्ज, आणि ते भागवायला महिना शेकडा पाचनं हातउसने. एकट्याच्या नावावरचं दुकान असलं की दुकानाचं कर्ज आणि घराचं कर्ज असा भेद कायद्यात नसतो. सगळं तात्यांच्याच डोक्यावर.

मी कोर्टात बेलीफ होतो. निवृत्तीपर्यंत समन्स बजावणं, जप्तीचं वॉरंट घेऊन लोकांच्या दारात उभं राहणं, हेच काम. त्यामुळे घरात कुणावर कोर्टाचं लचांड आलं की माझ्याकडे येतात. वकिलांनी नादारीचा अर्ज सुचवला तेव्हा तात्या रात्री आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, ‘‘आता मला काय काय करता येणार न्हाई, ते एकदाच सांगून टाक.’’

त्यांनी स्वतःच यादी करून आणली होती. मत देता येईल का? रेशन कार्ड राहील का? काशीला जायला परवानगी लागेल का? बँकेचं खातं बंद होईल का? धाकट्या पोरीच्या सोयरिकीत कळवावं लागेल का? पोराच्या नोकरीला आडवं येईल का? आणि खाली, वेगळ्या पेनानं, ‘पेपरात नाव’.

बहुतेक प्रश्नांचं उत्तर ‘काही होत नाही’ एवढंच होतं. मत जात नाही, रेशन जात नाही, काशीच काय, रामेश्वरपर्यंत जावं. पोरापोरींचा या हुकुमाशी संबंध नाही. नाव मात्र राजपत्रात येतं, ते टळत नाही. आमच्या गावात राजपत्र वाचणारा माणूस मी पाहिलेला नाही, पण तात्यांना त्याचा काही दिलासा वाटला नाही. राजपत्राआधी ही बातमी पारावर पोचणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

खरे निर्बंध मोजके आहेत. मालमत्ता कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते, आणि मुक्तता मिळेपर्यंत जे नव्यानं मिळेल, वारशानंसुद्धा, तेही त्याच्याकडे जातं. आमदार-खासदार होता येत नाही. तशी तरतूद संविधानातच आहे. ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. आणि ती पन्नास रुपयांची अट.

काय जात नाही, हे मात्र लोकांना ठाऊकच नसतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६०व्या कलमात त्याची यादी आहे आणि नादारीच्या कायद्यानंही ती मान्य केली आहे. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, धर्माप्रमाणे बाईनं अंगावरून उतरवायचे नसतात ते दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं आणि तो राहतो ते घर. पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश. नोकरीत असताना मी वॉरंट घेऊन वस्तीवर पोचलो की मागच्या दारानं बायका पातेली, हंडे, परात शेजारी पोचवत. एका घरात तर मंगळसूत्र पिठाच्या डब्यात सापडलं. मीच झाकण लावून डबा परत फळीवर ठेवला. ज्याला कोर्ट हात लावू शकत नाही तेच लपवायची धांदल, आणि अंगणातली मोटारसायकल तशीच उभी.

या भीतीला आमच्या भागात जुनी मुळं आहेत. १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात कुणब्यांनी सावकारांची दुकानं फोडून खतपत्रं जाळली, ते दख्खनचे दंगे शाळेच्या पुस्तकात असतात. त्यातून १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, तो आधी चारच जिल्ह्यांना लागू झाला : पुणे, सातारा, अहमदनगर आणि आमचं सोलापूर. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं त्यानं बंद केलं आणि शेतकऱ्याच्या नादारीसाठी वेगळं प्रकरण घातलं. म्हणजे आमचे पणजोबा ज्या कोर्टाला घाबरत, त्यालाच सरकारनं तेव्हा शेतकऱ्याच्या बाजूला थोडंसं वळवलं होतं. घाबरण्याची सवय मात्र पणजोबांकडून आमच्यापर्यंत शाबूत आली. १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात सांगून टाकलं की फेडायची ऐपतच नसलेल्या माणसाला कर्जापायी तुरुंगात डांबता येणार नाही. तात्यांना हे मी सांगितलं. ते म्हणाले, ‘‘असंल. पण वसुलीवाला फोनवर तसं म्हणत न्हाई.’’

पुढच्या खेपेला तात्यांना खरी धास्ती बसली, ती मुक्ततेच्या प्रश्नावर. नादार ठरवताना कोर्ट मुदत घालून देतं. तेवढ्यात मुक्ततेचा अर्ज करायचा. केला नाही तर आधीचा हुकूम रद्द होतो आणि घेणेकरी पुन्हा मोकळे सुटतात. अर्ज केला की कोर्ट वागणूक तपासतं. मत्ता रुपयाला आठ आण्यांइतकीही भरत नसेल आणि ते आपल्या दोषामुळे नव्हे हे दाखवता आलं नाही. धंद्याच्या वह्या नीट ठेवल्या नाहीत. बुडालोय हे कळूनही धंदा चालू ठेवला. सट्टा, जुगार किंवा उधळपट्टी केली. एका घेणेकऱ्याला दुसऱ्यांना डावलून पैसे दिले. यातलं काही निघालं तर सरसकट मुक्तता मिळत नाही. कोर्ट ती नाकारतं, लांबवतं किंवा पुढच्या कमाईवर अटी घालतं.

वह्यांच्या बाबतीत तात्या पक्के. लाल कापडी बांधणीच्या खतावण्या, प्रत्येक शेतकऱ्याचं वेगळं खातं, वाडीवस्तीसह. जुगाराचा प्रश्न नव्हता. माणूस पत्त्यालाही शिवत नाही. अडचण होती मेव्हण्याची. सगळं कोसळतंय हे दिसल्यावर त्यांनी सगळ्यात आधी बायकोच्या भावाचे पैसे देऊन टाकले होते, कारण बायकोला माहेरी तोंड दाखवायचं होतं. आपल्याकडे याला माणुसकी म्हणतात. कायद्याच्या ५४व्या कलमात याला पक्षपाती देणं म्हणतात, आणि तीन महिन्यांच्या आत अर्ज पडला तर रिसीव्हर ते पैसे मेव्हण्याकडून परत मागवू शकतो. वकिलांनी तारखा मांडल्या. तीन महिने उलटून गेले होते, पण फार नाही.

आणखी एक गाठ होती. शेकडा पाचवाल्यांची नावं अर्जातल्या घेणेकऱ्यांच्या यादीत द्यायला तात्या तयार नव्हते. ‘‘ते घरी येतील’’ म्हणत. खरं तर घरी यायची त्यांचीच पंचाईत होती. २०१४च्या सावकारी कायद्यानं परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा केला आहे आणि परवाना असला तरी शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि बिनतारणीवर १२ टक्क्यांपलीकडे घेता येत नाही, बाकीच्यांकडून १५ आणि १८. महिना पाच म्हणजे वर्षाला साठ. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. तात्यांनी तक्रार केली नाही, पण नावं दिली. यादीतून कुणाला वगळलं तर तेच लपवाछपवी ठरलं असतं.

या सगळ्यात मला कायद्यातली सगळ्यात माणसाळलेली जागा वाटते ती ७३व्या कलमाची. मुक्तता देताना कोर्ट सोबत दाखला देऊ शकतं की या माणसाची नादारी दुर्दैवानं आली, गैरवागणुकीमुळे नव्हे. तो दाखला मिळाला की स्थानिक निवडणुकीवरची बंदी उठते. इंग्लंड-वेल्समध्ये साधारण वर्षभरात मुक्तता मिळते, आणि वागणूक वाईट ठरलेल्यांवरच २ ते १५ वर्षांचे वेगळे निर्बंध लागतात; २००४पासून ती रीत आहे. आपल्या शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यानं उलटी वाट धरली : बंदी सगळ्यांवर, आणि निर्दोषाला उठवून मागायची मुभा. मला तिकडची रीत जास्त पटते. २०१६च्या नव्या दिवाळखोरी संहितेत वैयक्तिक कर्जदारांसाठी आखीव व्यवस्था आहे, पण ती आजवर लागू झाली फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना, १ डिसेंबर २०१९पासून. तात्यांसारख्यांना अजून १९२०च.

हुकूम झाल्यावर तात्या स्वतः किराणा दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं, तरी मोठ्यानं म्हणाले, ‘‘मी नादार झालोय. कोर्टाचा हुकूम हाये. सांगितल्याबिगर उधारी घेता येत न्हाई, म्हणून सांगतोय.’’ दुकानदारानं साखर तोलता तोलता विचारलं, ‘‘चहापत्ती अर्धा किलो का पाव?’’ आणि वहीत लिहून घेतलं. दुकानदाराला हे आधीच ठाऊक होतं, गावाला होतंच. खतवाल्यांचं मात्र वेगळं. ते तात्यांना आता रोखीनंसुद्धा माल देताना दोनदा नोट बघतात. बँकांचं तर विचारूच नये. पतमाहिती कंपन्या नोंद किमान सात वर्षं ठेवतात, कोर्टाची मुक्तता आधी मिळाली तरी. त्यावर कुठल्या कलमात इलाज नाही.

तात्या आता पंढरपुरात एका दुकानात हिशेब लिहितात. मुक्ततेचा अर्ज तयार आहे, खतावण्या पिशवीत बांधलेल्या. झोप उडवणारी एकच गोष्ट उरली : पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेला त्यांचा शाळेतला मित्र. कर्जदाराची मुक्तता झाली तरी जामीनदार सुटत नाही, हे ४४वं कलम स्पष्ट सांगतं, आणि त्याच्या जमिनीवर नोटीस आलेली आहे. तात्या पगारातून दरमहा काहीतरी त्याच्या हातावर ठेवू बघतात. वकिलांनी अडवलं : मुक्ततेआधी दिलंत तर रिसीव्हर विचारील, सूट मिळालेला पगार सोडून हे कुठून आलं, आणि यालाच का. मुक्तता झाल्यावर कुणाला किती द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. तेव्हापासून ते पैसे तात्यांच्या बायकोच्या नावानं पोस्टात जमा होतात. ते तिच्या शिवणकामाचे आहेत, असं दोघंही सांगतात. शिलाई मशिन घरात आहे, हे मी पाहिलेलं आहे.