साडेचार मिलिमीटर

तेवीस-छत्तीस इंची कागदात ए-फोर आकाराची आठ हँडबिलं बसत नाहीत. सरळ रांगा धरल्या तर सहाच निघतात. छपाईचा खर्च काढणारं सॉफ्टवेअर इथं हुशारी दाखवतं : एक पट्टी उभी, एक आडवी, आणि पडद्यावर सात चौकोन. छापखान्यात जन्म काढलेला माणूस पडद्याकडे न बघता म्हणतो, "आठ काढू की. आकार जरा कमी करायचा, कुणाला कळतंय?" ए-फोरची उंची २९.७ सेंटिमीटर. ५८.५ सेंटिमीटरचा कागद मधोमध कापला की २९.२५ येते. अडतं ते एवढ्या साडेचार मिलिमीटरसाठी. गिऱ्हाईक ए-फोरवरच अडून बसलं तर पंचवीस-छत्तीसचा कागद मागवायचा, त्यात आठ सुखानं बसतात. पण सॉफ्टवेअरला गिऱ्हाइकाचं मन वळवता येत नाही, त्याला दिलेलं माप म्हणजे माप.

बारामती-इंदापूर रस्त्यावर, अंथुर्ण्याच्या आसपासच्या गावांत, छापखान्याला वर्षभर चार प्रकारचं काम असतं. लग्नपत्रिका, गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं, दुकानदारांची बिलबुकं आणि सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. मध्येच कारखान्याची निवडणूक लागली की पत्रकांचा पूर येतो. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी अंथुर्ण्यात मुक्कामाला येते तेव्हा स्वागताचे फलक लागतात, पण ते फ्लेक्सवाल्याकडे जातात. फ्लेक्सवाल्याचा सुखी संसार! लांबी गुणिले रुंदी, इतके रुपये चौरस फूट, संपलं. त्याला सॉफ्टवेअर कशाला हवं?

ऑफसेटचं तसं नाही. हजार पत्रकांना जे लागतं त्याच्या दुप्पट दोन हजारांना लागत नाही, आणि हे गिऱ्हाइकाला पटवता पटवता छापखानेवाल्याचं तोंड दुखतं. प्लेट तीच, शाई लावून रंग जुळेपर्यंत वाया जाणारे कागद तेवढेच. पुढचे हजार म्हणजे कागद आणि थोडा वेळ. कागद पुन्हा किलोनं येतो : तेवीस-छत्तीस, ७० जीएसएम, पाचशेचं रीम १८.६ किलोचं. किलोचा भाव बदलला की डायरीतला पाठ केलेला दर खोटा पडतो. गंमत अशी की आर्ट पेपरची मोठी गिरणी ह्याच इंदापूर तालुक्यात, भिगवणला आहे. सिनार मास ह्या इंडोनेशियातल्या समूहाची ती गिरणी २००१ साली बल्लारपूर इंडस्ट्रीजनं घेतली. तरी अंथुर्ण्याच्या छापखान्यात आर्ट पेपर येतो तो पुण्याच्या व्यापाऱ्याच्या गोदामातून, गाडीभाडं सोसून. सॉफ्टवेअरमध्ये वाहतुकीचा रकाना आहे. भिगवणच्या चिमणीचा नाही.

आणि मग तो रकाना येतो, जिथं हात थांबतो : "यंत्राच्या एका तासाचा दर." कागद, प्लेट, शाई, बायंडिंग ह्यांची बिलं फायलीत असतात. तासाची किंमत कुठल्या बिलात लिहिलेली नसते. कर्जाचा हप्ता, वीज, गाळ्याचं भाडं, मशीनमनचा पगार ह्यांची बेरीज करून ती यंत्र खरोखर जेवढे तास चाललं तेवढ्यानं भागायची. भागताना कळतं की लग्नसराई सरल्यावर यंत्र उभंच असतं. शिवाय मालक स्वतः रात्री अकराला व्हॉट्सॲपवर प्रूफ पाठवतो, बारा वाजता उत्तर येतं, "थोरल्या चुलत्यांचं नाव मामांच्या वर घ्या, नाहीतर रुसतील." पत्रिकेतला मानापमान जुळवण्यात दोन रात्री जातात. त्याचा पैसा कुणी मागितलेला मी पाहिला नाही. माझ्या मते सॉफ्टवेअर घ्यावं ते ह्या एका रकान्यासाठी. बाकीची आकडेमोड कॅल्क्युलेटरही करतो.

हे दुखणं काही आपल्याकडचंच नाही. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोर्ट नावाच्या गृहस्थांनी १९१७च्या सुमारास 'फ्रँकलिन' नावाची दरांची जाडजूड वही काढली. काम कसलं, प्रती किती, एवढं बघून पान उघडायचं आणि आकडा सांगायचा. तिथल्या छापखानेवाल्यांनाही स्वतःचा खर्च धड मांडता येत नव्हता आणि शेजाऱ्यापेक्षा दोन पैसे कमी सांगून ते बुडत होते, म्हणून तर ती वही खपली. आज पुण्यात मुद्रणाची अभियांत्रिकी पदवी मिळते, तिथं मुलांना खर्चाचा हा हिशेब रीतसर शिकवतात. गावातल्या मालकाला तो धंद्यानं शिकवला, आणि तोही अर्धाच.

सॉफ्टवेअरचा एक फायदा मात्र कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेला नसतो. डायरीत पेनानं लिहिलेल्या आकड्याशी लोक घासाघीस करतात, छापून आलेल्या कोटेशनपुढं जरा दबकतात. परवा एका छापखान्यात बसलो होतो. लग्नपत्रिकेचे सात हजार तीनशे चाळीस निघाले. समोरचे गृहस्थ कागद उलटसुलट करून म्हणाले, "वरचे तीनशे चाळीस सोडा की ओ. घरचंच कार्य आहे." मालकानं मान डोलावली आणि सूट टाकली. पडदा पुढं जाईना. सूट द्यायची तर कारण भरणं सक्तीचं होतं. त्यानं एकदा समोर पाहिलं आणि टाइप केलं : दाजी.