दांडीवरचे लंगोट

कोकणात ऐन आषाढात बाळंतीण असलेलं घर अंगणातूनच ओळखू यायचं. पडवीत या खांबापासून त्या खांबापर्यंत दोऱ्या, माजघरात आडव्या दांड्या, आणि जिथे हात पोचेल तिथे वाळत घातलेले लंगोट. सत्तरच्या दशकात चिपळूणजवळच्या आमच्या घरात हे दृश्य दर दोन-तीन पावसाळ्यांनी असायचंच. कधी आत्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, कधी काकूचं धाकटं. आज पुण्यात माझ्या नातवाच्या खोलीत डायपरचे पुडे रचलेले असतात, दोरी कुठेच नसते. तेव्हाचं चांगलं होतं आणि आताचं वाईट, असा निवाडा मला देववत नाही. पण काय गेलं आणि काय आलं, हे नीट मांडून ठेवावंसं मात्र फार वाटतं.

तयारी सातव्या महिन्यापासून चालायची. आजी ट्रंक उघडून आजोबांची जुनी धोतरं आणि स्वतःची विरलेली नऊवारी लुगडी बाहेर काढायची. लुगड्यांची दुपटी व्हायची, धोतरांचे लंगोट. आधी काठ कापून टाकायचे, कारण काठ मांडीला काचतो. मग चौकोनी तुकडे, तिरकी घडी, आणि शिवण घालायची ती बाहेरच्या अंगाला, म्हणजे टाक्यांची गाठ बाळाच्या कातडीला लागणार नाही. पहिलं कापड जुनंच घालायचं, हा आमच्याकडचा रिवाज. त्याला कारणही पक्कं होतं. नव्या सुती कापडात खळ असते, कापसाचा मूळचा मेणचटपणाही थोडा उरलेला असतो. ते पाणी पटकन पीत नाही आणि टोचतं. वर्षानुवर्षं धुऊन धुऊन मऊ पडलेलं धोतर ओल झटकन शोषून घेतं. आजीला हे कोणी शिकवलं नव्हतं, तिच्या बोटांना ते ठाऊक होतं. कापड चिमटीत धरून, अंगठ्यानं चोळून ती म्हणायची, ‘हे अजून कोरं आहे गो, राहू दे.’

तान्हं मूल दिवसातून दहा-बारा वेळा तरी ओलं करतं. लंगोट ओला झाला की लगेच रडणार, लगेच बदलणार. खाली मेणकापड, त्यावर दुपटं, त्यावर बाळ. मान धरायला लागलं की आजी दोन्ही पाय लांब करून बसायची, पावलांच्या मधल्या खळग्यात मुलाला बसवायची आणि तोंडानं ‘शूऽऽ’ करायची. आमच्या घरची मुलं वर्ष-दीड वर्षात सांगायला लागत. ओलं झालेलं त्यांना कळत होतं आणि समोर बसून वाट बघणारं माणूस घरात होतं.

खरी उस्तवार धुण्याची. शीचा लंगोट आधी वेगळा, त्यावर तांब्यानं पाणी ओतून काढायचा, मग साबण, मग उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजत. उन्हाळ्यात पिवळे डाग उन्हानंच जात. दगडावर ओला लंगोट पसरायचा, दुपारपर्यंत पांढरा होई. पावसाळ्यात ऊन कुठलं? तेव्हा शेगडीत निखारे घेऊन त्यावर बांबूचं डालं उपडं घालायचे आणि डाल्यावर लंगोट पसरायचे. निखाऱ्यावर ओवा आणि वेखंडाची चिमूट पडायची. काकू एकेक लंगोट उचलून गालाला लावून बघायची. हाताला कोरडं लागलेलं गालाला दमट लागतं. दमट असेल तर परत डाल्यावर. तो धुराचा, ओव्याचा, ऊबदार कापडाचा वास आठवला की मला आजही त्या माजघरात जाऊन बसावंसं वाटतं.

पण त्या वासाच्या मागे काकूचे हात होते. सोड्यानं सोललेले, बोटांच्या पेरांवर चिरा पडलेले. रात्री ती त्यांना खोबरेल चोळत बसायची. पाणी विहिरीचं, रहाटानं ओढलेलं. मे महिन्यात विहीर तळाला गेली की बाळाच्या धुण्यासाठी पऱ्ह्यावर जावं लागे. आमच्या घरात काका होते, आजोबा होते, मोठे चुलतभाऊ होते. त्यांतल्या एकानंही कधी लंगोट बदलल्याचं किंवा धुतल्याचं मला आठवत नाही. आणि सुवेराच्या पहिल्या दहा दिवसांत तर घरातल्या बायकाही त्या कपड्यांना हात लावत नसत. गावाच्या कडेला राहणारी एक बाई मागच्या दारानं यायची, रक्ताचे आणि बाळाचे सगळे कपडे धुऊन जायची. तिला तांदूळ, नारळ आणि खण मिळे. घरात घेत नसत. लंगोटांच्या गोड आठवणी सांगताना ही बाई वगळली, तर ती आठवण खोटी होते.

धुण्याच्या या कष्टातूनच तर डायपर जन्माला आला. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन नावाच्या आईनं ओल्या लंगोटांना आणि भिजणाऱ्या बिछान्याला कंटाळून 1946 मध्ये न्हाणीघराचा पडदा कापला आणि लंगोटावर घालायचं न गळणारं आवरण शिवलं. 1951 मध्ये तिला त्याचं पेटंट मिळालं. 1961 मध्ये पॅम्पर्स बाजारात आले. त्यामागचे अभियंते व्हिक्टर मिल्स यांनाही आपल्या नातवंडाचे कापडी लंगोट बदलणं नकोसं झालं होतं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात औषधांच्या दुकानांत ‘स्नगी’ मिळू लागली. आमच्याकडे ती फक्त एसटीच्या प्रवासाला आणि लग्नकार्याला वापरायची, तीही जपून.

आताच्या डायपरात जो दाणा असतो तो सोडियम पॉलीअ‍ॅक्रिलेटचा. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओल तो पितो आणि फुगून लिबलिबीत गोळा होतो, त्यामुळे कातडीला ओल परत लागत नाही. सूनबाई सकाळी नऊला कामावर जाते. बाळ रात्री बराच वेळ सलग झोपतं म्हणून तीही झोपते. माझा मुलगा रात्री दोन वाजता उठून डायपर बदलतो, आणि ते त्याला इतकं सहज जमतं की मी दारातून बघतच राहते. माझ्या पिढीत हे सुख एकाही बाईच्या वाट्याला आलं नाही. या एका गोष्टीसाठी मी डायपरला सगळ्या जुन्या आठवणींच्या वर ठेवायला तयार आहे.

मग हिशेब पुढे येतो. दिवसाला चारच धरले तरी अडीच वर्षांत साडेतीन हजारांच्या वर डायपर होतात. वरचा थर प्लॅस्टिकच्या धाग्यांचा, खालचा प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचा, मधे लगदा आणि तो दाणा. याचं खत होत नाही, भंगारात कोणी घेत नाही. कापडच चांगलं, असं मात्र डोळे मिटून म्हणता येत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं 2008 मध्ये दोन्हींचा जन्मापासून शेवटापर्यंतचा हिशेब मांडला, तेव्हा हवामानावरचा भार जवळपास सारखाच निघाला. कापडी लंगोट फार गरम पाण्यात धुऊन यंत्रात वाळवले तर ते डायपरहून जड ठरतात. एकदम बरेच धुऊन दोरीवर वाळवले तर बरेच हलके. म्हणजे काकूची दांडी या हिशेबात जिंकते. फक्त काकूचे हात त्या हिशेबात कुठे धरलेले नसतात.

आणि पुण्यात राहून मला दुसरेही हात दिसतात. आमच्या सोसायटीत ‘स्वच्छ’च्या कचरावेचक ताई येतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून उभी राहिलेली ही त्यांची सहकारी संस्था. यातल्या बहुतेक जणी दलित समाजातल्या. एके सकाळी खाली उतरले तेव्हा ताई सुक्या कचऱ्याची पिशवी उपडी करून वर्गवारी करत होत्या. आदल्या दिवसाचे फुगलेले डायपर उघडेच पडलेले. त्यांनी तोंड बाजूला केलं, एकेक उचलून वेगळा ठेवला आणि हात साडीला न लावता कोपरानं घाम पुसला. मला गावची मागच्या दारानं येणारी ती बाई आठवली. घरातल्या बाईची सुटका झाली, पण घाण कुणीतरी हाताळायचीच राहिली. ज्यांच्याकडे ती आधी होती, त्यांच्याकडेच ती परत गेली.

2016 च्या घनकचरा नियमांत लिहिलेलं होतं की डायपर नीट गुंडाळून द्यायचा आणि तो गुंडाळायला पाकीट किंवा कागद उत्पादकानं पुरवायचा. आमच्याकडे आलेल्या पुड्यांत तसं पाकीट काही सापडलं नाही. म्हणून आता शी संडासात झटकून, डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, हे काम मुलाकडे आहे. ठिपका दिसला की ताईंना पुडकं उघडावं लागत नाही. हे इतकं सोपं असून आमच्याच इमारतीत कितीतरी घरं करत नाहीत, याचा मला राग येतो.

दिवसा मी घरी असते, तेव्हा बाळ लंगोटात. सूनबाईला यात माझा हट्ट नको होता, म्हणून धुणं मशीनमध्ये आणि वाळत घालणं मुलाकडे, असं आधीच ठरलं. घरात आता धोतरं नाहीत. माझ्या दोन जुन्या मलमलच्या साड्या निघाल्या, त्याही पुरल्या नाहीत, तेव्हा मलमल विकत आणली आणि बाळाला लावण्याआधी पाच-सहा वेळा धुऊन काढली. रात्री आणि बाहेर जाताना डायपर. विहीणबाईंच्या धाकट्या मुलीला भाद्रपदात बाळ होणार आहे, ती परवा विचारत होती, किती लंगोट शिवू? मी म्हटलं, तीन डझन शीव, काठ काप, शिवण बाहेर घे. आणि पाऊस असेल, तेव्हा आधी जावईबापूंकडून घरात दोऱ्या बांधून घे.