शून्य गुणांची वीट

‘विटेचे जमतील तेवढे उपयोग लिहा.’ सृजनशील विचारांच्या चाचणीतील हा जुना प्रश्न. गिलफर्ड आणि टॉरन्स यांनी रुळवलेली रीत अशी: उत्तरांची संख्या म्हणजे प्रवाहिता, त्यांचे प्रकार म्हणजे लवचिकता आणि गटात विरळ आढळणारे उत्तर म्हणजे मौलिकता.

काही वर्षांपूर्वी जळगाव शहरातील एका व धुळे तालुक्यातील एका खेड्यातील शाळेचे कागद आम्ही तपासले. ‘वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून त्यावर ठेवायची’ हे उत्तर खेड्यातील निम्म्या वर्गाने लिहिले होते. मौलिकतेचे गुण शून्य. शहरात ते एकाच मुलीने लिहिले. तिला सर्वाधिक गुण. तिच्या घरावरही बहुधा पत्राच असावा. आम्ही तिच्या कल्पनेला नव्हे, वर्गातील तिच्या एकटेपणाला गुण दिले होते.

दोन्ही गट एकत्र करून वारंवारता मोजली, तेव्हा तिचेही गुण गेले. कागद तोच, अक्षर तेच. बदलला होता फक्त आमचा तक्ता.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून ज्यांचे नाव आहे, त्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. या लेखी चाचणीत प्रवाहितेच्या रकान्यातही आम्ही त्यांना शून्यच दिले असते. आणि त्यांचे विषय? जाते, पेरणी, सुगरणीचा खोपा. साऱ्या गावाच्या ओळखीचे. विरळ एकही नाही.

तेव्हापासून मौलिकतेच्या आकड्याशेजारी तो कोणत्या गटात मोजला हे आम्ही लिहितो, आणि शून्य मिळालेले उत्तरही त्याखाली जसेच्या तसे उतरवून ठेवतो.