आईची सही

ऑफिसात माझं काम सिक्युरिटी टेस्टिंगचं. दुसऱ्यांच्या सिस्टिममधली भोकं शोधायची आणि त्याचा पगार घ्यायचा! साहजिकच ईव्हीएमचा विषय निघाला की कँटीनमध्ये मी एक्स्पर्ट. ‘चिप आहे ना? मग हॅक होणारच!’ हा आपला फंडा.

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान. शाळेत शिकवणारी माझी आई त्या दिवशी मतदान केंद्राध्यक्ष होती. मशीन जमा करून रात्री एकला घरी आली, पाय सुजलेले. मी चहा टाकला आणि सवयीने विचारलं, ‘‘काय गं, मशीन सेट होतं का?’’

आई चिडली नाही. म्हणाली, ‘‘मशीनचं सोड. मीच चुकणार होते.’’

मतदान सातला, पण पहाटे साडेपाचला पोलिंग एजंटांसमोर मॉक पोल. निदान ५० मतं टाकायची, रिझल्ट बघायचा, मशीन क्लिअर करायचं. मग व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या चिठ्ठ्या काढून, जुळवून काळ्या पाकिटात सीलबंद करायच्या. आदल्या रात्री झोप नाही, त्यात घाई. मशीनवर शून्य दिसलं आणि आईने पेटी न उघडताच सील उचललं.

‘‘मॅडम, चिठ्ठ्या राहिल्या,’’ एक कॉलेजातला एजंट म्हणाला.

तो बोलला नसता तर? त्या केंद्राच्या चिठ्ठ्या मोजायची वेळ आली असती, तर मशीनपेक्षा ५० जास्त! आणि कँटीनमध्ये सगळ्यात मोठ्याने ओरडणारा मीच असतो. हॅकर कुणीच नाही. फक्त दमलेली माझी आई.

‘‘संध्याकाळी १७-सी फॉर्मवर एकूण मतं लिहून, सही करून कॉपी द्यायला गेले, तर एजंट दोनच,’’ ती म्हणाली. ‘‘बाकीचे जेवायला गेले ते गेलेच.’’ मोजणीच्या दिवशी मशीनचा आकडा ताडून पाहायचा तो याच कागदाशी!

माझ्या सगळ्या शंका फिटल्या असं नाही. एका विधानसभा मतदारसंघात पाचच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. सगळ्या मोजा, ही मागणी सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली. त्यावर जरूर भांडू. पण मशीनवर इतकी वर्षं बोलताना, त्याच्याशेजारी कोण बसतं हे मी कधी विचारलंच नव्हतं.

पुढच्या निवडणुकीत कुठल्या तरी उमेदवाराचा पोलिंग एजंट होऊन साडेपाचला हजर राहायचं ठरवलंय. डबा घेऊन. म्हणजे जेवायला उठायला नको!