घरचा फोन : ठेवायचा की काढायचा?

मित्रांनो, सुरुवातीलाच एक तोंडी परीक्षा. घाबरू नका, केटी लागणार नाही! मोबाईल खिशात ठेवा आणि न बघता किती नंबर पाठ आहेत ते सांगा. स्वतःचा एक. आईचा कदाचित. पुढे? आमच्या विंगमध्ये मी हेच विचारत फिरलो. निम्म्यांची गाडी स्वतःच्या नंबरावरच थांबली. पण ज्यांच्या घरी कधीकाळी लँडलाईन होती, त्यांनी तो नंबर एसटीडी कोडसकट धाडकन सांगितला. फोन काढून कित्येक वर्षं झाली तरी!

आमच्या घरी, म्हणजे कराडला, लँडलाईन अजून आहे. ती ठेवायची की काढायची यावर या वर्षी घरात बरीच चर्चा झाली. त्यात माझ्या वाट्याला टेक्निकल मेंबरची भूमिका आली, म्हणून हा लेख.

आधी थोडा इतिहास. आजोबांनी फोनसाठी नाव नोंदवलं १९८९ साली आणि फोन आला १९९५ मध्ये. आज हे ऐकून हसू येतं, पण तेव्हा सगळीकडेच प्रतीक्षायादी असायची. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात 'मागेल त्याला फोन' हे उद्दिष्ट ठेवलं होतं आणि त्यासाठी मुदत होती १९९७ ची. म्हणजे फोन मागितला की मिळावा हे चक्क देशाचं ध्येय होतं, बोला! फोन आला त्या दिवशी आजोबांनी पेढे वाटले असं आज्जी सांगते. गल्लीत पहिला फोन आमचाच. त्यामुळे अनेकांच्या लग्नपत्रिकांवर आमचा नंबर 'पी.पी.' म्हणून छापलेला. फोन आला की बाबा खिडकीतून हाका मारायचे, आणि पलीकडचा माणूस मीटर पडत असताना जीव मुठीत धरून थांबायचा.

आपल्या हॉस्टेलचीही तीच कथा. ऑफिसातले जुने काका सांगतात, तळमजल्यावर एकच फोन होता आणि "रूम नंबर बावीस, घरून फोन!" अशी आरोळी आली की पोरं टॉवेलवर जिना उतरायची.

असो. तर यंदा बाबांनी फॅमिली ग्रुपवर टाकलं, "लँडलाईन बंद करावी म्हणतो. मतं कळवा." त्यांचे मुद्दे बिनतोड होते. दर महिन्याचं भाडं, वर १८ टक्के जीएसटी. बँकेचा ओटीपी या फोनवर येत नाही. येतात ते 'सर, लोन पाहिजे का' वाले. घरात सगळ्यांकडे मोबाईल आहेत. ताईनं पुण्याहून अंगठा दाखवला, म्हणजे संमतीचा! आईनं लिहिलं, "आईंना विचारल्याशिवाय काही करू नका."

आज्जी ग्रुपवर नाही. तिला समोर बसूनच विचारावं लागलं. ती म्हणाली, "काढा की. पण ह्यांच्या माणसांनी आपल्याला शोधायचं कुठं? आणि लाईट गेली तरी हा चालतो. तुमचे मोबाईल चार्जिंग संपलं की मुके."

झालं! एका बाजूला बाबांचा हिशेब, दुसऱ्या बाजूला आज्जीचे दोन प्रश्न. मी मत राखून ठेवलं आणि दिवाळीच्या सुट्टीत फोनशेजारी एक वही ठेवली. येणाऱ्या प्रत्येक फोनची नोंद. सोळा दिवसांत ३१ फोन आले. त्यातले १७ लोन, केवायसी आणि बक्षीसवाले. दोन राँग नंबर. अकरा आज्जीचे : तिच्या बहिणीचे, आत्याचे, भजनी मंडळाचे.

आणि एक आजोबांसाठी.

तो फोन मीच उचलला. मिरजेहून कुणी वयस्कर गृहस्थ होते, आजोबांबरोबर कारखान्यात नोकरीला होते म्हणे. "अण्णा आहेत का घरात?" आजोबांना जाऊन २०१९ ला वर्ष उलटलं... आता तर बरीच वर्षं झाली. काय बोलावं ते मला सुचेना. आज्जीनं हात पुढे केला, रिसीव्हर घेतला आणि वीस मिनिटं बोलली. आजोबांच्या शेवटच्या दिवसांबद्दल, कारखान्यातल्या कॉलनीबद्दल, कुणाची मुलं कुठं असतात त्याबद्दल. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "लिही तुझ्या वहीत." त्या गृहस्थांकडे आमच्या कुणाचाही मोबाईल नंबर नव्हता. जुन्या डायरीत होता तो हाच सहा आकडी नंबर.

इथं एक माहिती सांगतो. मोबाईलचा नंबर कंपनी बदलली तरी आपल्याकडेच राहतो, कारण २०११ पासून देशभर पोर्टेबिलिटी आहे. लँडलाईनला ती सोय नाही. फोन परत केला की नंबर गेला. म्हणजे आज्जीचा पहिला प्रश्न भावनेचा वाटला तरी व्यवहाराचाच होता.

दुसरा प्रश्न मात्र थेट आमच्या ब्रँचचा! जुना लँडलाईन फोन घरच्या विजेवर चालतच नसे. एक्स्चेंजमध्ये दोन-दोन व्होल्टच्या २४ लेड-ॲसिड सेलची बॅटरी बँक असते, म्हणजे ४८ व्होल्ट डीसी. तो पुरवठा तांब्याच्या दोन तारांवरून थेट आपल्या घरात येतो. रिसीव्हर उचलला की लूप पूर्ण होतो, करंट वाहतो आणि एक्स्चेंजला कळतं की याला टोन द्या. घंटी वाजवायला सुमारे ७५ व्होल्ट एसी सोडतात. तारा जोडताना नेमका कुणाचा तरी फोन आला की लाईनमनकाकांच्या तोंडून जो शब्द निघायचा, तो इथं छापता येणार नाही! २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत सगळं गाव अंधारात असताना आमचा फोन खणखणायचा तो असा.

पण हे झालं तांब्याचं. २०२२ मध्ये आमच्या भागात रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली. काही महिने फोन मुका. शेवटी सांगण्यात आलं की तांब्याची लाईन आता जोडणार नाही, फायबर घ्या, नंबर तोच राहील. भिंतीवर हिरव्या दिव्यांचा एक डबा बसला आणि जुन्या फोनची वायर त्यात गेली. फोन तोच, नंबर तोच, टोनही तोच. आज्जीच्या दृष्टीनं काहीच बदललं नाही.

फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. डबा चालतो घरच्या प्लगवर. मी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मेन स्विच बंद केला आणि आज्जीला म्हटलं, "आता फोन लाव." तिनं रिसीव्हर कानाला लावला, दोनदा हूक दाबलं, आणि म्हणाली, "अरे, हा तर मेलाय."

त्या क्षणी चर्चा शंभर-दोनशे रुपयांची राहिली नाही. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा आज्जी घरात एकटी असते. गेल्या पावसाळ्यात तिला चक्कर आली, तेव्हा तिनं याच फोनवरून आईच्या शाळेत फोन केला होता. त्या दिवशी लाईट होती, एवढंच!

मग बाबा म्हणाले, "बघ, म्हणजे काढायलाच पाहिजे. मोबाईल देऊ तिला." दिलेलाही आहे. पण आज्जीला काचबिंदू आहे. ती नंबर बघून लावत नाही, बोटांनी लावते. फोनच्या ५ या बटणावर एक बारीक उंचवटा असतो (आज जाऊन बघा), त्यावरून ती बाकीचे आकडे मोजते. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावावा लागतो, तेही तिनं एका दिवसात आत्मसात केलं. टचस्क्रीनच्या काचेवर बोटाला काय लागणार? बटणांचा छोटा मोबाईल घेतला, तर तो कधी उशीखाली, कधी देव्हाऱ्यात, कधी डाळीच्या डब्यामागे. लँडलाईनचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती एका जागी असते. चक्कर आलेल्या माणसाला फोन शोधावा लागत नाही.

शेवटी ठरलं ते असं. नंबर ठेवायचा. डब्याच्या ॲडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलंय, म्हणजे जास्तीत जास्त १२ वॅट. एवढ्यासाठी इन्व्हर्टर नको, राऊटरचा छोटा यूपीएस पुरतो. मी तो आणून लावला आणि पुन्हा मेन स्विच बंद केला. फोन साडेतीन तास चालला. वाटेतले स्प्लिटर 'पॅसिव्ह' असल्यामुळे त्यांना वीज लागत नाही. मात्र पलीकडच्या टोकाच्या यंत्रणेची बॅटरी आपल्या हातात नाही. म्हणून बटणांचा मोबाईल दोरीनं बांधून फोनच्याच खिळ्याला टांगला. १०८ आणि ११२ हे दोन्ही नंबर आज्जीकडून दोन्हीवर घोटून घेतले. तिला डब्याचे दिवे नीट दिसत नाहीत, त्यामुळे नियम सोपा केला : सकाळी चहा झाला की रिसीव्हर उचलायचा, टोन ऐकायचा. टोन नसेल तर मोबाईलवरून आईला सांगायचं.

भाडं बाबा भरणार, बॅटरी मी बघणार. दोन वर्षांनी ती उतरेल तेव्हा बदलायची जबाबदारीही माझी, असं लेखी घेतलंय!

मित्रांनो, तुमच्या घरीही हा प्रश्न आला असेल किंवा येईल. प्रत्येकानं फोन ठेवावाच असं माझं म्हणणं नाही. घरात सगळे मोबाईलवर सुखी असतील तर खुशाल काढा. पण अर्जावर सही करण्याआधी तीन गोष्टी बघा. तो फोन घरात नक्की कोण वापरतं? तो नंबर अजून कुणाकुणाच्या डायरीत आहे? आणि लाईट गेल्यावर तो खरंच चालतो का? पहिल्या दोन गोष्टींची उत्तरं घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे मिळतील. तिसरीसाठी मेन स्विच बंद करून बघा, फक्त मालिकेच्या वेळेला नको!

– तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार